खालच्या बोरीची कविता

शर्मिलाच्या कवितेला आजवर कोणी रडलं नव्हतं. टाळ्या पडायच्या, 'छान, छान' व्हायचं, बायका साडीचं कौतुक करायच्या आणि मग सगळे वडापावच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. कुवेतच्या मराठी मंडळाच्या काव्यसंध्येत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. कविता कशावर, तर झाडांवर. तोडलेल्या झाडांवर. वड, पिंपळ, आंबा, चिंच, बाईने एकही जात सोडली नव्हती, सगळी एकेक करून आडवी पाडली होती. खरं तर तिचं बालपण गेलं कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावर. झाड म्हणून घरात एक मनीप्लांट होता, तोही बाटलीत. पण मराठीत कविता करायची आणि झाडासाठी टाहो फोडायचा नाही, हे तिला पंगतीत पान मांडून वरणभात न वाढण्यासारखं वाटायचं.

तिचं हे बरं चाललेलं असताना गेल्या वर्षी मध्येच स्वानंद उपटला. नाशिकचा, एका तेल कंपनीत पाइपलाइनचं काम बघणारा, कवितेशी काडीचा संबंध नसलेला माणूस. त्याने काकांच्या परसातल्या फणसावर काहीतरी ओबडधोबड वाचलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. साउंडवाल्या मल्याळी माणसाला शब्द कळत नव्हता, तरी तोही नाक ओढत होता. शर्मिलाने उठून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "वृत्त नाही, यमक नाही, काही नाही." प्रसाद म्हणाला, "पण मला आवडली गं." त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

या वर्षी तर मंडळाने विषयच ठेवला, 'झाडांचा शोक'. पुण्याहून हरीश गुर्जर नावाचे प्रकाशक पाहुणे म्हणून येणार होते आणि जो आवडेल त्याचं पुस्तक काढणार होते. शर्मिलाला हे पुस्तक हवं होतं. इतकं हवं होतं की आपलं नाव मुखपृष्ठावर वर छापावं की खाली, यावर तिचा विचारही करून झाला होता. अडत होतं एवढंच, की कविता येत नव्हती. शब्द यायचे, ओळी यायच्या, पण ती मूर्ख नव्हती. आपल्या कवितेतलं दुःख दुकानातून आणलेलं आहे, हे तिचं तिला कळत होतं आणि ते कोणालाही सांगता येत नव्हतं.

अशात एका दुपारी दाराची बेल वाजली आणि दारात तळमजल्यावरच्या नूरजहाँभाभी उभ्या राहिल्या.

नूरजहाँभाभी श्रीवर्धनच्या. इमारत होती त्या जाब्रिया भागातल्याच एका दवाखान्यात मदतनीस म्हणून त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नवरा कमालभाई ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेले आणि इथल्याच वाळूत पुरले गेले. मूलबाळ नाही. इमारतीच्या मागच्या फरसबंद अंगणात एक बोर होती, अरब लोक तिला सिद्र म्हणतात. त्या बोरीखाली एक प्लास्टिकची खुर्ची टाकून भाभी रोज संध्याकाळी बसायच्या. बसायच्या म्हणजे नुसत्या बसायच्या. हातात तसबीहची माळ नाही, फोन नाही, काही नाही. वर येता-जाता शर्मिला "काय भाभी?" म्हणायची आणि त्या "या, बसा ताई" म्हणायच्या. बसायला शर्मिलाला कधी वेळ झाला नाही.

"ताई, अबू नासिर बोर तोडतोय," भाभी उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. अबू नासिर म्हणजे इमारतीचा मालक. "गाड्यांना पत्र्याची शेड घालायचीय बोलतो. मी फोन केला तर पोरानं उचलला, 'इन शा अल्ला, खाला' बोलला नि ठेवून दिला. दिवानियात मी बाई कशी जाऊ? परसादभाईंना सांगा ना. त्यांचं तो ऐकतो."

हे खरं होतं. अबू नासिरच्या दिवानियात, म्हणजे त्याच्या घरच्या पुरुषांच्या बैठकीत, प्रसाद दर ईदला मिठाईचा डबा घेऊन जायचा. मालकाचा धाकटा मुलगा केमिस्ट्रीत गटांगळ्या खात होता तेव्हा प्रसादने त्याला वर्षभर फुकट शिकवून इंजिनिअरिंगच्या काठाला लावला होता. तेव्हापासून प्रसादने एक शब्द टाकावा आणि तो खाली पडावा, असं कधी झालं नव्हतं. पाण्याची मोटर म्हणा, लिफ्ट म्हणा, सगळ्या इमारतीची कामं प्रसादच्या तोंडून व्हायची.

"सांगते ना भाभी, आजच सांगते. आत या आधी," शर्मिलाने त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. आणि भाभींचा बांध फुटला.

"एवढंसं रोप होतं हो. ह्यांनी खैरानकडनं आणलेलं, गाडीत मांडीवर घेऊन. चारी मजल्यांच्या एशीचे पाइप फिरवून बुडाशी आणले. इथं पावसाचा थेंब नाय, पण एशीच्या पाण्यावर वाढवलं. हे गेले तवा लोक आले, ताई. तीन दिवस दारात चपला मावत नव्हत्या. डब्यावर डबे आले. आता झाड गेलं तर माझ्याकडं कोण येल? ऊन येल. दुसरं कोण?"

शर्मिलाने त्यांचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं आहे. कोणाच्याही आलं असतं. पण त्याच वेळी, तो हात हातात असतानाच, तिच्या डोक्यात एक ओळ सरळ होऊन उभी राहिली. मग दुसरी. ती भाभींच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मनातल्या मनात 'चपला मावत नाहीत' घोकत होती, विसरू नये म्हणून. भाभी अजून काहीबाही बोलत होत्या. शर्मिलाला कधी एकदा त्या जातात असं झालं.

दार लावल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याशीच उभी राहून लिहायला लागली. आमटी करपली, तिला पत्ता नाही.

*माणूस गेला की लोक येतात,*
*डबे येतात, दारात चपला मावत नाहीत.*
*झाड गेलं की*
*फक्त ऊन येतं.*
*न विचारता आत येतं*
*आणि बसून राहतं.*

अजूनही बरंच होतं पुढे. मांडीवर आणलेलं रोप होतं, एसीचं पाणी होतं. सांगायला राग येतो, पण खोटं कशाला बोला, कविता चांगली झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या कवितेत जीव होता. तो दुसऱ्याचा होता एवढंच.

संध्याकाळी प्रसाद रिफायनरीच्या प्लांटवरून आला. शटडाउनचं काम चालू होतं, चेहरा काळवंडलेला. बूट काढता काढता म्हणाला, "काय विशेष?"

आता इथे फक्त एक वाक्य बोलायचं होतं. अरे, खालची बोर तोडतायत, अबू नासिरला फोन कर. जीभ टाळ्याला लावायचा अवकाश, काम झालं असतं. शर्मिलाने तोंड उघडलंही. आणि तिला दिसली ती काव्यसंध्येच्या मंचावर उभी असलेली शर्मिला, तोडलेल्या बोरीवर कविता वाचणारी, आणि खाली अंगणात उभी असलेली हिरवीगार, धडधाकट, बोरांनी लगडलेली बोर. मग त्या कवितेचं काय? 'झाड जाणार होतं पण नवऱ्याने फोन केल्यामुळे वाचलं', याला कोण रडतं?

"काही नाही रे," ती म्हणाली. "हातपाय धू. आमटी जरा लागलीय."

त्या रात्री तिने स्वतःची समजूत घातली की उद्या सांगू. उद्या तिने समजूत घातली की शेवटी मालमत्ता मालकाची, आपण कोण नाक खुपसणार? परवा समजूत घालायचीही गरज पडली नाही. माणसाला कशाचीही सवय होते, आणि असल्या गोष्टींची तर फारच लवकर.

भाभी जिन्यात भेटल्या. जीव टांगणीला लागलेला चेहऱ्यावर दिसत होता. "सांगितलं काय परसादभाईंना?"

"हो, सांगितलं ना," शर्मिला म्हणाली. "बोललेसुद्धा ते अबू नासिरशी. बघतो म्हणालाय."

दुसऱ्या दिवशी भाभी दवाखान्यात जाण्याआधी सांदणांचा डबा देऊन गेल्या, परसादभाईंसाठी. संध्याकाळी प्रसादने ती नारळाच्या रसात बुडवून मिटक्या मारत खाल्ली. "कशाबद्दल आज?" त्याने विचारलं. "काही नाही, असंच. प्रेमळ आहेत," शर्मिला म्हणाली आणि दोन तिनेही घेतली. छान मऊ झाली होती.

झाड पुढच्या आठवड्यात तोडलं. अर्दियाहून करवतीचं मशीन घेऊन दोन माणसं आली. इमारतीचा इजिप्शियन हारिस, म्हणजे राखणदार, सिद्र तोडणं पाप, तिला हात लावायचा नाही म्हणून आधीच रस्त्यापलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला होता. भाभी कामावर, प्रसाद प्लांटवर. शर्मिला गॅलरीत. तिने सगळं पाहिलं आणि पाहता पाहता फोनमध्ये टिपूनही घेतलं. फांद्या पडताना कच्ची बोरं फरशीवर कशी टणाटण उडाली, चारी मजल्यांचे पाइप कसे उघडे लोंबत राहिले. कवितेला दुसरा भाग मिळाला. मग ती खाली गेली आणि हारिसला दोन दिनार देऊन म्हणाली की खोड टाकू नका, मला हवंय. मंडळाच्या मंचावर खरंखुरं तोडलेलं खोड ठेवायचं, ही कल्पना तिला भाजी चिरताना सुचली होती. स्वानंदच्या फणसाला एवढा थाट कुठे होता?

भाभी परतल्या तेव्हा फरशी झाडून झाली होती. त्या आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या, जागेवर ठेवली, बसल्या आणि उन्हात डोळे बारीक करून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. शर्मिला खाली गेली. हातात डबा होता, मुगाची खिचडी. नेमका डबाच न्यावासा तिला वाटला. तो देताना तिला जराही चाचरायला झालं नाही.

"परसादभाईंनी येवढं केलं," भाभी म्हणाल्या. "अल्ला त्यांना बरकत देवो. माजंच नशीब नाय."

"मी कविता केलीय भाभी, तुमच्या बोरीवर. तुम्ही यायचंच ऐकायला."

भाभींनी तिचा हात डोळ्यांना लावला. आणि शर्मिलाच्या मनात आलं की बाई पहिल्या रांगेत हवी. बाकी कोणी रडेल न रडेल, ही तरी नक्की रडेल. आणि रडणं जांभईसारखं असतं, एकाने सुरू केलं की पसरतं.

काव्यसंध्येसाठी खैरानला समुद्रकाठचं एक शाले, म्हणजे सुट्टीचं घर, मंडळाने दिवसभरासाठी भाड्याने घेतलं होतं. फेब्रुवारीतली संध्याकाळ, वारा गार, बायका शालीत, पुरुष जॅकेटात. अंगणात मंच, मंचावर बोरीचं खोड, त्यावर रंगीत दिव्यांची माळ आणि प्लास्टिकचा झेंडू. शर्मिलाने भाभींना मुद्दाम स्वानंदच्या गाडीत बसवून आणलं होतं. प्रसाद प्लांटवरून परस्पर येणार होता. भाभींची आणि प्रसादची गाठ कार्यक्रम संपेपर्यंत पडू नये, याची सगळी तजवीज तिने केली होती.

भाभी मंचाजवळ गेल्या आणि थबकल्या. "हे आमचं?"

"मान म्हणून ठेवलंय, भाभी."

भाभींनी ओढणीच्या टोकाने खोडावरची धूळ पुसली. झेंडूची माळ जरा बाजूला सरकवली, सालीला हात लावला. "बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. कोणाला वाटेल, या वेळी तरी शर्मिलाला कसंनुसं झालं असेल. तिला फक्त माळ पुन्हा नीट करायची होती.

स्वानंदने काहीतरी वाचलं, या वेळी पडलं. आणखी तिघांनी वाचलं. मग शर्मिला उभी राहिली. तिने खोडावर एक हात ठेवला आणि सुरुवात केली. 'माणूस गेला की लोक येतात' म्हणता म्हणता कुजबुज थांबली. 'फक्त ऊन येतं'ला कोणीतरी लांब श्वास घेतला. मांडीवरच्या रोपाला भाभींचे खांदे हलायला लागले, आणि मग त्यांच्या शेजारची बाई, तिच्या शेजारची बाई, आणि रांगेच्या टोकाला हरीश गुर्जर, पुण्याचे, शेकडो कवींना तोंडावर नाही म्हणालेले, चष्मा काढून डोळे पुसत होते. शर्मिलाला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. दगडाला पाझर फुटला होता. शेवटच्या ओळीनंतर टाळ्या थांबेचनात. तिला आयुष्यात एवढं सुख कधी झालं नव्हतं.

"कोणाला काही बोलायचंय?" सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी गहिवरून विचारलं.

मागच्या बाजूला, फाटकाजवळ, प्रसाद उठला. प्लांटचे कपडे तसेच अंगावर. मंडळात कधी तोंड न उघडणारा माणूस रुमालाने नाक पुसत पुढे आला.

"मला कवितेतलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण ही आमच्या खालची बोर ना? मला तोडल्यावर कळलं हो. कामाच्या गडबडीत बघितलंही नाही. आत्ता ऐकताना एवढं वाईट वाटलं! आधी कोणी कानावर घातलं असतं तर मी एक फोन केला असता. अबू नासिर मला नाही म्हणत नाही. एक फोन, आणि झाड वाचलं असतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती निर्मळ माणूस, कोणीतरी म्हणालं.

भाभींनी मान वळवली. रडं थांबलं होतं. "परसादभाई, तुमाला कोणीच नाय सांगितलं?"

"नाही हो, भाभी. कोणीच नाही."

"तुमी मालकाशी बोल्ला नव्हता?"

"कळलंच नाही तर बोलणार काय?"

भाभींनी डोकं हलवलं. आरडाओरडा केला नाही, उठून गेल्या नाहीत. शर्मिला माईकमागे उभी होती आणि आता बाई सगळ्यांसमोर आपली लक्तरं काढणार म्हणून तिने खोडाला गच्च धरलं होतं. भाभींनी ओढणीने तोंड स्वच्छ पुसलं. खुर्ची ओढत मंचाच्या अगदी पायाशी आणली. बसल्या आणि वर बघून म्हणाल्या, "ताई, परत वाचा."

"अं?"

"परत वाचा. पहिल्यापासून."

"वन्स मोअर!" हरीश गुर्जरांनी हात वर केला. "वाहवा! वन्स मोअर!" सगळ्या अंगणाने ते उचलून धरलं.

शर्मिलाने कागद वर धरला. तिने वाचायला घेतलं, पण दुसरी ओळ तोंडातून निघेना, म्हणून ती सोडून ती तिसरीवर गेली.

"चपलांचं राहिलं," भाभी खालून म्हणाल्या.

लोक कौतुकाने हसले. बाईने एकदा ऐकून पाठ केली की! शर्मिलाने चपलांचं वाचलं. डब्यांचं वाचलं. रोपाच्या ओळीला तिचा आवाज फाटला आणि पुढच्या ओळी तिने कशाबशा उरकल्या. श्रोते पहिल्या वेळेपेक्षा जास्त रडले. इतकं मनापासून वाचताना त्यांनी कोणाला ऐकलं नव्हतं. रडत नव्हती फक्त एक बाई, आणि शर्मिलाला तिच्याशिवाय कोणी दिसत नव्हतं.

हरीश गुर्जर मंचावर चढले आणि माईक हातात घेऊन त्यांनी पुस्तक जाहीर केलं. नाव या कवितेचंच, पहिली कविता हीच. शाल आली, नारळ आला. प्रसाद खुळ्यासारखा हसत टाळ्या वाजवत होता. फोटोसाठी शर्मिलाला खोडाशेजारी उभं केलं, कोणीतरी तिला "हसा ना" म्हणालं आणि ती हसली.

"या कोण?" गुर्जरांनी भाभींकडे बोट करून विचारलं. "फारच आवडलेली दिसते कविता यांना."

"शेजारीण मी यांची," भाभी स्वतःच म्हणाल्या. त्या सावकाश मंचावर आल्या, शर्मिलाच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाल्या, "खाली आता सावली नाय, ताई. संध्याकाळची मी तुमच्याकडंच येईन बसायला. रोज. तुमी वाचायचं, मी ऐकायचं. चालेल ना?"

सगळे बघत होते. बायकांचे डोळे पुन्हा भरून आले होते, प्रसाद "अहो या की, विचारता काय" म्हणत होता आणि गुर्जर फोटोवाल्याला खूण करत होते की हा क्षण सोडू नकोस.

"या ना, भाभी," शर्मिला म्हणाली.